वायाळ सर आणि गाभण झिंगी

किस्से कुणी गोळा करत नसतं. ते आपोआप साचतात, पाण्याच्या हौदात शेवाळ साचतं तसे. रोज बघताना काही दिसत नाही, आणि एक दिवस सहज हात घातला की मूठभर निघतं! आमच्या मेहकरच्या कॉलेजात वायाळ सर प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी शेजारच्या खोलीत रसायनशास्त्र. मध्ये एक पातळ भिंत आणि एक कधीच न लागणारं दार. त्यामुळे सगळ्यात जास्त शेवाळ माझ्या हाती लागलं.

आधीच सांगून ठेवतो, मला गोष्टीत थोडं पाणी घालायची सवय आहे. पण ही गोष्ट झिंग्यांची आहे. पाणी लागणारच!

*

वायाळ सर मूळचे अमडापूरचे. कपाशीवाल्या घरातला मुलगा. मॅट्रिकपर्यंत विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही. तो मुंबईला शिकायला गेला, समुद्र बघून खुळावला, आणि झिंगे, खेकडे, शेवंड असल्या कवचवाल्या मंडळींवर डॉक्टरेट करून बसला. किनाऱ्यावर एका संशोधन केंद्रात नोकरीही लागली. तेवढ्यात इकडे वडील गेले, शेताला कुणी राहिलं नाही, आणि सर परत आले. समुद्राचा पीएच.डी. थेट बुलडाणा जिल्ह्यात!

इंटरव्ह्यूला आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "डॉक्टर, तुमचा विषय समुद्री प्राणी. मेहकरात समुद्र कुठाय?"

सर शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचे इतिहासाचे सर शिवकाळात राहतात का?"

अध्यक्षांनी शेजारी बसलेल्या इतिहासाच्या सरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नोकरी तिथेच पक्की झाली. इतिहासाचे सर मात्र पुढे कितीतरी वर्षं वायाळ सरांशी बोलले नाहीत!

*

दरवर्षी सर पोरांना सहलीच्या नावाखाली कोकणात न्यायचे. एकदा मीही गेलो. बसमधून उतरल्यावर समोर एवढा मोठा समुद्र बघून आमची वऱ्हाडातली पोरं बसला चिकटूनच उभी राहिली. शेवटी जानेफळकडचा एक धाडसी पुढे झाला.

"सर, एवढं पाणी हाय, मंग कपाशीले काऊन नाई देत?"

"खारं असतं रे ते."

"मंग कायच्या कामाचं?"

सर दुखावले. म्हणाले, "माझ्या."

दुपारी एका खाणावळीत पोरांनी झिंग्याची थाळी मागवली. आणि आता मुख्य गोष्ट सांगतो. वायाळ सर घरचे माळकरी. आयुष्यभर झिंग्यांवर जगलेल्या या माणसाने झिंगा कधी तोंडात घातलेला नाही! ते वरणभात कालवत शेजारच्या ताटांकडे बघायला लागले. मग राहवेना. एकेका झिंग्याकडे बोट दाखवून त्याचं लॅटिन नाव, त्याच्या पायांची संख्या, तो काय खातो आणि काय खाऊन मोठा झाला असेल, हे सगळं सांगायला सुरुवात केली. एकेक पोरगं ताट सरकवायला लागलं. पलीकडच्या टेबलावरचं एक कुटुंबही उठलं.

खाणावळीचा मालक हात जोडून आला. "साहेब, तुमचं जेवण आमच्याकडून. उद्याचंही. फक्त जेवताना बोलू नका!"

*

आता सरांच्या दुखण्याकडे येतो. अमडापूरला सरांच्या शेताला लागून एक नाला आहे. उन्हाळ्यातही त्याच्या एका डोहात पाणी टिकतं. त्या डोहात सरांना बोटाच्या पेराएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे झिंगे सापडले. सरांचं म्हणणं, ही जात जगात कुणी नोंदवलेली नाही.

"मग नोंदवा ना सर!" मी म्हणालो.

"नर सापडतो. पण नर दुसऱ्या एका जातीसारखाच दिसतो. मला अंडी धरलेली मादी हवी."

गोष्ट अशी की, यांच्या कुळातल्या बहुतेकांची अंडी बारीक आणि ढीगभर असतात. पिल्लं पाण्याबरोबर वाहत खाली खाऱ्या पाण्यात जातात, तिथे वाढतात आणि परत वर येतात. पण ज्यांची अंडी मोजकी आणि टपोरी, त्यांची पिल्लं इथेच, गोड्या पाण्यात, तयार होऊनच बाहेर पडतात. सरांना खात्री होती की अमडापूरची झिंगी दुसऱ्या प्रकारची आहे.

"म्हणजे या झिंगीला समुद्राची गरजच उरलेली नाही," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. खिडकीबाहेर आमचं सायकल स्टँड होतं.

झालं! एका गाभण झिंगीसाठी हा माणूस दर रविवारी मेहकरहून लूना काढून अमडापूरला जायचा. पँट गुडघ्यापर्यंत वर, हातात चहाची गाळणी. आणि दर सोमवारी स्टाफरूममध्ये आम्ही सगळे मिळून विचारायचो, "काय सर, आहे का काही गोड बातमी?"

सर नकारार्थी मान हलवायचे. गाळणीत कधी नर यायचे, कधी रिकाम्या माद्या, आणि मादी अंडी धरते तो हंगाम बरोबर फवारणीचा.

एकदा वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, आमच्या घरी म्हणाल्या, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत हे एवढे कासावीस नव्हते हो! दोन्ही वेळा शेगावला दर्शनाला गेले होते म्हणा, पण येताना तिथल्या तळ्यात गाळणी बुडवून आले!"

*

त्याच सुमारास आमच्याकडे अळी मारणारा बीटी कापूस आला. बियाण्याच्या पाकिटासोबत एक छोटं पाकीट मिळायचं, साध्या बियाण्याचं. ते शेताच्या कडेने पेरायचं, म्हणजे अळ्या त्या साध्या झाडांवर जगतात आणि बीटीला सरावत नाहीत, असा त्यामागचा हिशोब. पण अळ्यांसाठी जागा कोण सोडणार? सगळा गाव ते छोटं पाकीट कृषी केंद्राच्या पायरीवरच फेकून द्यायचा.

सर ती पाकिटं वेचायचे! पिशवीभर वेचली, आणि नाल्याकाठच्या आपल्या सगळ्या पट्टीत तेच साधं बी पेरलं. वर फवारणी शून्य. कारण काय, तर फवारा नाल्यात उतरेल आणि झिंगे मरतील.

पंचक्रोशीतल्या अळ्यांना खबर लागायला वेळ लागला नाही. हिरवी, ठिपक्याची, करडी, झाडून सगळ्या सरांच्या शेतात मुक्कामाला! बाया वेचणीला आल्या की आधी हसून घ्यायच्या. एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, कापूस घरी नेऊ का अळ्यांलेच गाठोड्यात बांधून देऊ?"

वहिनींनी तर जाहीरच केलं, "आमच्या शेतात पीक कमी, पाहुणे जास्त!"

सर मात्र खूश. प्राणिशास्त्राच्या माणसाला एकाच एकरात एवढे प्राणी कुठे मिळतात?

*

पण नाल्याच्या पलीकडे होते रशीदचाचा. सरांच्याच वयाचे, लहानपणी एकाच शाळेत. त्यांची कपाशी बीटीची, कष्टाची, आणि जिवापाड जपलेली. बीटी आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, फवारणी सुटली. पण तुडतुडे आले, पांढरी माशी आली, पुढे गुलाबी अळी आली. औषधं वाढत गेली, भाव मिळेना, पाऊस आपल्या मर्जीचा. त्या वर्षांत अमडापुरात संध्याकाळी ओट्यांवर माणसं बसायची, पण बोलायची कमी.

फवारणी झाली की पाठीवरचा पंप नाल्यात धुवायचा, ही सगळ्यांची रीत. रशीदचाचांचीही. बरोबर सरांच्या डोहाच्या वरच्या अंगाला!

सर एका रविवारी तावातावाने पलीकडे गेले. "रशीद, झिंगा आणि कीड हे चुलतभाऊ असतात. जे औषध किड्याला मारतं, तेच झिंग्याला मारतं. पंप इथे धुऊ नको."

चाचांनी पंप खाली ठेवला. बिडी शिलगावली. "सर, मी चुलतभावाच्या भानगडीत पडत नाई. माह्या सोताच्याच चुलतभावासंगं बांधापायी दोन पिढ्या केस चालू हाय!"

सरांनी मग स्वखर्चाने एक कोरा प्लॅस्टिकचा ड्रम आणून नाल्यापासून लांब ठेवला. पंप त्यातल्या पाण्याने धुवा, सांडपाणी खड्ड्यात टाका. पुढच्या रविवारी ड्रम गायब. शोधत शोधत सर चाचांच्या घरी पोचले तर ड्रम ओसरीत, गव्हाने काठोकाठ भरलेला.

"रशीद!"

"सर, ड्रम लय मजबूत हाय," चाचा अगदी मनापासून म्हणाले. "अजून एक पाठवसान का?"

*

एकदा चिखलीच्या एका हौशी वार्ताहराला सरांच्या झिंग्याचा सुगावा लागला. त्याने बातमी छापली, 'अमडापूरच्या नाल्यात दुर्मिळ जीव'. फोटो मात्र समुद्रातल्या मोठ्या शेवंडाचा! हातभर लांब, मिशा वेगळ्याच.

बातमी वाचून अमडापुरात घबराट. एवढा मोठा जीव नाल्यात आहे म्हणून नव्हे. दुर्मिळ जीव म्हटल्यावर अभयारण्य होणार, तारा लागणार, नाल्याकाठच्या जमिनी जाणार! पारावर बैठक बसली आणि बिनविरोध ठराव झाला की झिंगा राहिला तर जमीन राहत नाही, तेव्हा उद्या सकाळी नाला उपसायचा आणि झिंगे तळून खायचे.

तेव्हा शेतावर गेलेल्या वहिनींचा निरोप आला आणि सर लूनावर निघाले. मी मागे बसलो. बारा गावची धूळ खात आम्ही पारावर पोचलो तेव्हा एकाच्या हातात मच्छरदाणी होती, दुसऱ्याच्या हातात कढई. रशीदचाचा पुढारी!

सरांनी पर्यावरणावर भाषण सुरू केलं. कुणी ऐकेना. अन्नसाखळी सांगितली. कढईवाला म्हणाला, "साखळी खाऊन झाल्यावर सांगा." शेवटी सर दमून ओट्यावर बसले आणि म्हणाले, "अरे, सरकारला अजून तुमचा मंजूर झालेला रस्ता सापडला नाही. माझा पेराएवढा झिंगा काय सापडणार?"

कढईवाल्याने कढई खाली ठेवली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हाव, हे बराबर हाय," रशीदचाचा म्हणाले. "चला बे घरी!"

*

आणि मग ते वाईट साल आलं. गुलाबी अळीने बीटीची बोंडं आतून पोखरली. लोक मिळेल ते औषध मिळेल त्यात मिसळून फवारत होते. कुणाला चक्कर येत होती, कुणाला उलट्या. नाल्याच्या पाण्यावर पांढरट साय धरलेली.

सर रविवारी गेले आणि लवकर परतले. सोमवारी स्टाफरूममध्ये आम्ही सवयीने विचारलं, "काय सर, गोड बातमी?"

"संपलं," सर म्हणाले. "डोहात एक नाही."

कुणी हसलं नाही. इतिहासाच्या सरांनी उठून स्वतः चहा आणून सरांच्या पुढे ठेवला.

त्या वर्षाअखेर सर निवृत्त होणार होते. प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाक्या रिकाम्या झाल्या. बरण्यांत नर आणि रिकाम्या माद्याच, आणि वर्णन अर्धं लिहून पडलेलं. अंडीवाल्या मादीशिवाय नवी जात कुणी मानायला तयार नव्हतं. निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले, "वायाळ सर म्हणजे समुद्रासारखं व्यक्तिमत्त्व!" सर उत्तरादाखल उभे राहिले, आभार मानले, आणि म्हणाले, "समुद्र जरा लांब पडतो हो." एवढं बोलून बसले. आयुष्यातलं सगळ्यात छोटं लेक्चर!

*

शेवटचा किस्सा माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. यात पाणी माझं नाही, हौदाचं आहे.

निवृत्तीनंतर काही दिवसांनी सर मला म्हणाले, "चला, अमडापूरला जाऊ. रशीदला एकदा भेटून येतो. इतकी वर्षं भांडलो, शेवट गोड करू." सरांच्या अंगावर निरोप समारंभाला मिळालेला नवा सफारी.

चाचा शेतात नव्हते म्हणून त्यांच्या घरी गेलो. त्यांची सून म्हणाली, "बसा सर, येतीलच, च्या ठेवते." अंगणात विहिरीशेजारी म्हशींचा सिमेंटचा हौद. एक म्हैस पाणी पीत होती, दुसरी बाजूला रवंथ करत बसली होती. सर हौदाच्या काठाला टेकले. सहज आत पाहिलं.

"हौद फार स्वच्छ आहे," सर म्हणाले. "शेवाळ कसं नाही?"

मग ते वाकले. आणखी वाकले. खिशातलं पेन पडलं, चष्मा पडला, आणि त्यांच्या मागोमाग सर, नव्या सफारीसकट, कमरेपर्यंत हौदात! म्हशीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, जरा बाजूला सरकली आणि पुन्हा प्यायला लागली.

सर वर आले तेव्हा दोन्ही हातांची ओंजळ भरलेली. ओंजळीत एक काचेसारखी झिंगी. पोटाखाली मोजकी, टपोरी, हिरवट अंडी. ती पाय हलवून त्यांना वारा घालत होती.

प्रत्येक झिंग्याचं लॅटिन नाव घेणारा माणूस, आता तिला डोळ्यांजवळ धरून उभा. नाकावरून पाणी गळतंय, ओंजळ मात्र हलू देत नाहीत. मी स्वयंपाकघरातून पातेलं आणायला धावलो.

तेवढ्यात रशीदचाचा आले आणि फाटकातच थबकले.

"रशीद," सर म्हणाले, "ही इथे कशी?"

चाचांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "सर, आता काय लपवू. बीटीच्या पहिल्या साली तुमच्या डोहातून ओंजळभर उचलले होते. तुमीच एकदा म्हणले ना, हे शेवाळ खातेत. हौद घासू घासू माही कंबर गेली होती."

"आणि इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"तुमी दर ऐतवारी पंपापायी मले बोलत होते. त्यात अजून चोरी कबूल करू का? आन् तुमी ते कॉलेजात नेले असते, मंग हौद मलेच घासा लागला असता!"

तेवढ्यात सरांच्या डोक्यात काहीतरी लखलखलं. "थांब. या हौदात तू पंप कधी धुतला नाहीस?"

"हौदात?" चाचा घाबरून म्हणाले. "काय बोलता सर! म्हशी मरतीन ना!"

"म्हणजे औषध पाण्यात गेलं की जीव मरतो, हे तुला कळत होतं!"

"म्हशीचं कळत होतं," चाचा म्हणाले.

सर हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. चाचा आधी बिचकले, मग तेही हसायला लागले. सुनेने दोघांना चहा दिला. सरांनी ओंजळ सोडली नाही म्हणून चाचांनीच बशी त्यांच्या तोंडाला लावली. त्या दिवसापासून चाचांचा पंप नाल्यावर दिसला नाही. गव्हाचा ड्रम रिकामा होऊन शेतात परत आला!

सरांचं वर्णन पुरं झालं. टायपिंग माझ्याकडे, कारण सरांची बोटं की-बोर्डवर गाळणी धरल्यासारखी फिरतात. लेख परदेशी गेला. तिकडच्या संपादकांनी सगळं मान्य केलं, फक्त एक सूचना केली: ही मादी ज्या नैसर्गिक अधिवासात सापडली त्याचं वर्णन द्यावं, आणि तिथे सोबत आढळणाऱ्या इतर प्राण्यांची नोंद करावी.

मी म्हणालो, "सर, सरळ नाला लिहू. मूळ तिथलीच आहे की."

"नाल्यात मला ती सापडली का?" सर म्हणाले. "शास्त्रात खोटं चालत नाही. जे आहे ते लिहा."

मी निमूटपणे अधिवासापुढे लिहिलं, 'सिमेंटचा हौद, रशीद यांचं अंगण, अमडापूर.' मग सोबतच्या प्राण्यांपुढे लिहिलं, 'म्हशी, दोन.'

सर माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "अर्धवट नोंद करू नका हो. त्यातली एक गाभण आहे."